चुलीशेजारची पाच वर्षं

मी एक जुनी पांढरी वाईन आहे. मित्रांनो, हे सांगताना मला थोडी लाजच वाटते. माझी जात अल्बारिन्यो. आमच्यात जुनं होण्याला मान नसतो. आम्हाला वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवायचं असतं. मी मात्र जवळजवळ पाच वर्षं चुलीशेजारच्या फळीवर उभी होते.

माझा जन्म गालिसियातला, समुद्राला लागून असलेल्या मळ्यातला. इथे पाऊस आणि धुकं फार, म्हणून वेली दगडी खांबांच्या मांडवावर चढवतात आणि खाली बटाटे लावतात. सप्टेंबर आला की मळ्याचा मालक अमारो रोज सकाळी एक द्राक्ष चावून बघे. फार गोड होण्याआधीच तो तोडणी उरकायचा. त्यामुळे मी कच्च्या सफरचंदाच्या घासासारखी करकरीत झाले. कालवं मांडली की अमारो ताटातलं लिंबू उचलून बाजूला ठेवी. "ही असताना लिंबू कशाला?" म्हणे. उकडलेला ऑक्टोपस, तळलेले मासे, सगळ्यांशी माझं जमे. तिखट सॉसेजशी मात्र कधी जमलं नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

घरच्या पिण्यापेक्षा वाईन जास्त झाली की इथली माणसं दारावर लॉरेलची हिरवी फांदी टांगतात. ती दिसली की गाव आत येतं. वाईन संपली की फांदी उतरते. अमारोची फांदी सगळ्यांच्या आधी उतरायची. माझ्या वर्षीचीही तशीच उतरली. पण पुढची द्राक्षं तोडायच्या आत अमारो गेला. मी एकटी बाटली उरले. त्याच्या बायकोने, देल्फिनाने, मला पुसून फळीवर ठेवलं. तेव्हा मला भारी मोठेपणा वाटला.

त्यानंतर वाईन त्यांची मुलगी साबेला करू लागली. दरवर्षी ती पहिला पेला आईपुढे ठेवी. देल्फिना चाखे आणि माझ्याकडे बोट दाखवी. "बरी आहे. पण त्याच्यासारखी नाही."

इकडे चुलीच्या उबेने मी आतून पिवळी पडत होते. जिच्याशी तुलना चालली होती, तिचीच चव गेली होती. पण बाटलीचं ऐकतो कोण?

यंदाच्या मार्चमध्ये साबेलाने फांदी तोडून आणली.

"ती दाराला लागणार नाही," देल्फिना म्हणाली. "लोक अमारोची चव शोधत येतील. त्याच्या नावाला बट्टा लावशील."

"मग मळा विकत मागणाऱ्या त्या मोठ्या कंपनीला देते. दुपारी त्यांचा माणूस येतोय. मी निघाले शहरात, नोकरीला. माणसाशी भांडता येतं गं आई, बाटलीशी कसं भांडू?"

तेवढ्यात ओहोटीवरून परतलेली शेजारीण ओब्दुलिया तिसऱ्यांची बादली घेऊन आत आली. "रस्त्यापर्यंत आवाज येतोय तुमचा! देल्फिना, पाच वर्षं पूजा मांडलीयस त्या बाटलीची. उघड की एकदा! का भीती वाटते?"

"भीती? मला?" देल्फिनाने रागारागाने माझं बूच काढलं. एक घोट माझा घेतला, एक साबेलाच्या वाईनचा. मग परत माझा. मला तिची क्षमा मागावीशी वाटत होती.

"मेली गं ही," ती हळूच म्हणाली. "मीच मारली." मग मुलीकडे वळली. "तुझी चांगली आहे. पहिल्या वर्षापासून चांगली होती. तसं म्हटलं, तर तो परत एकदा जाईल असं वाटायचं."

साबेला रडली, आणि चिडलीही. "पाच वर्षं, आई!"

"चुकलं माझं. जा, लाव फांदी."

देल्फिना मला मोरीत ओतायला निघाली, तशी ओब्दुलिया ओरडली, "अगं, टाकतेस काय? तिसऱ्यांत घाल!"

आता कढईत लसूण तांबूस झालाय, कांदा मऊ पडलाय. माझी पाळी आली. मित्रांनो, माझ्यासारखीला जपू नका, वेळेवर प्या. आणि कुणाचं काही आवडलं, तर ते त्याला त्याच दिवशी सांगा. एवढंच माझं मागणं आहे.

दारात कंपनीचा माणूस आलाय. देल्फिना पेला पुसत त्याला म्हणतेय, "बसा. मळा काही मिळायचा नाही. पण वाईन आहे, माझ्या मुलीने केलेली."