धुळीतली पिन

महेंद्र गेल्यापासून त्याच्या कॉम्प्युटरला राजरत्नाने हात लावला नव्हता. पण उद्या विहारात भावाच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन, आणि आईने, सुंदराबाईंनी, हट्टच धरला. महेंद्रने त्यात स्वतःच्या आवाजात वंदना भरून ठेवली होती, तीच विहारात ऐकवायची. आता आईपुढे कोणाचं चाललंय!

विंडोज व्हायरसने केव्हाच गिळली होती. म्हणून रविवारी दुपारी राजरत्नाने दुसऱ्या हार्डडिस्कवर लिनक्स टाकायला घेतलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात प्रश्न आला: आवाज काढणाऱ्या साउंड कार्डासाठी कोणतं ड्रायव्हर मॉड्यूल? समोर भलीमोठी यादी. महेंद्रने कॅम्प चारातल्या आपल्या दुकानात जोडलेली मशीन म्हणजे एकाचं शिंग, दुसऱ्याचं शेपूट. आत काय बसवलंय ते जोडणाऱ्यालाच ठाऊक, आणि तोच नव्हता.

डबा उघडून कार्ड बघितलं असतं तर काम सोपं होतं. पण भावाने आवळलेले स्क्रू सोडवायला मन धजेना. तो अंदाजाने एकेक मॉड्यूल निवडत गेला. प्रत्येकाचं उत्तर एकच, कार्ड सापडत नाही. शेवटचं मात्र निमूट लागलं.

लिनक्स चढलं. त्याने जुन्या डिस्कवरची फाइल लावली आणि स्पीकरमधून महेंद्र बोलला, "बुद्धं सरणं गच्छामि."

सुंदराबाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि मागून म्हटलं. "धम्मं सरणं गच्छामि" आलं तेव्हा मात्र त्या पदरात तोंड लपवून रडू लागल्या, ओळ म्हणायची राहून गेली. आवाजही थांबला.

भरून ठेवलेला आवाज कधी कोणासाठी थांबतो का? डिस्क अडकली असेल, राजरत्नाने मनाची समजूत घातली. सुंदराबाईंनी डोळे पुसून कशीबशी ओळ म्हटली, आणि पुढची ओळ लगेच आली.

राजरत्नाने घाईघाईने मशीनचा पत्रा काढला. कार्डाची जागा रिकामी होती. तेव्हा कुठे आठवलं, जायच्या आधी महेंद्रने गिऱ्हाइकाची नड म्हणून ते उपसून दिलं होतं. आपल्याच मशीनचा पार्ट दुसऱ्याला द्यायची त्याची खोडच होती. स्पीकरची पिनही मागे धुळीत सुटीच पडली होती.

"संघं सरणं गच्छामि," आवाज पुन्हा म्हणाला. आईचं तर म्हणून झालं होतं.

"राजा, तू म्हण ना रे," सुंदराबाई हळूच म्हणाल्या. "तुझ्यासाठी खोळंबलाय तो."

राजरत्नाने म्हटलं. भीतीपेक्षा रडूच जास्त येत होतं.

"दुतियंपि बुद्धं सरणं गच्छामि," महेंद्रने दुसरी फेरी सुरू केली.

वंदना संपली. राजरत्न चाचरत म्हणाला, "आई, विहारात न्यायची तर मशीन बंद करावी लागेल."

"बंद केल्यावर परत बोलेल?"

त्याने पिनेकडे बघितलं.

सुंदराबाई उठल्या आणि स्विचबोर्डाला पाठ लावून बसल्या. "मग लोकांनाच इकडं बोलव," त्या म्हणाल्या. "मावतील तेवढे मावतील."