डाव्या पॅडचा जोर

त्याने चष्मा नाकावर ओढला आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या मॉड्यूलच्या, म्हणजे आवाज ठरवणाऱ्या डबीच्या, टीचभर पडद्यावर वाकला. डाव्या पॅडचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये पत्र्यावर खडे पडल्यासारखा येत होता, जरा भरदार हवा होता. एरवी ही बटणं दाबायचं काम मेहुण्याचं. पण तो वायरी आणायला गाडीकडे गेला तो गेलाच, आणि इकडे साउंडवाला खुणा करकरून डोकं खात होता.

"करतो रे बाबा, जरा दम धर!"

आजारपणात डावा हात लुळा पडला, तेव्हा हा ड्रमर संपला असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण पठ्ठ्याने हाय खाल्ली नाही. आठ महिने रबरी चेंडू दाबून दाबून बोटं जागी केली आणि चार महिन्यांपूर्वी पुन्हा बँडमध्ये येऊन बसला. पहिल्याच दिवशी डावा असा कडाडला की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. काल तर त्याने बँडमास्तरांना छातीठोक शब्द दिला होता, रविवारचं रेकॉर्डिंग खऱ्याखुऱ्या ड्रमवर करतो म्हणून.

आवाज शोधता शोधता तो भलत्याच पानावर गेला. उजव्या पॅडपुढे लिहिलं होतं, जोर हाताप्रमाणे. डाव्यापुढे, जोर फिक्स.

म्हणजे कसंही मारा, आवाज तेवढाच.

छे, आपणच काहीतरी उलटसुलट दाबलं असेल. त्याने डावी काठी पॅडवर नुसती टेकवली. धाड! मग जीव खाऊन हाणली. तेवढंच धाड. त्याने सेटिंग बदललं, हाताप्रमाणे केलं आणि ओठ चावून पुन्हा हाणली.

टक.

चार महिने! चार महिने हे यंत्र वाजत होतं आणि मान डोलवत टाळ्या घेत होतो मी. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोला ठाऊक असणारच. मेहुणा ताईला विचारल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही.

विंगेत पावलं वाजली. त्याने घाईघाईने सेटिंग होतं तसं केलं.

"आलो आलो!" मेहुणा पाठमोरा बसून वायरी खुपसू लागला. "भाऊजी, डावं वाजवा बघू."

त्याने दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या आणि डाव्या करंगळीने पॅडला टिचकी मारली. हॉल दणाणला.

"क्या बात है! काय सणसणीत हात पडला हो! ताईला सांगायलाच हवं."

"सांग की. आणि मास्तरांनाही सांग, रविवारी दुसरा माणूस बघा म्हणावं."

मेहुणा वळला. त्याने मांडीवरच्या काठ्या पाहिल्या, पॅडवरची करंगळी पाहिली. हातातली वायर त्याने खाली ठेवली.

"आणि आजचा कार्यक्रम?"

"आज वाजेल की," तो म्हणाला. "मी असलो काय, नसलो काय."