जागा सांगायची नाही

मी ठकी बोलतेय. रानफूल मंडळाच्या व्याख्यानाला कधी आला असाल, तर माईकशेजारी टेबलावर ठेवलेली मातीची कुंडी तुम्ही पाहिली असेल. त्या कुंडीतली मी. माझं शास्त्रीय नाव इतकं लांबलचक आहे की ते घेताना भल्याभल्या वक्त्यांची बोबडी वळते. ठकी हे लाडाचं नाव मला सरांनी दिलं.

सर म्हणजे मंडळाचे संस्थापक. जन्मभर त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर, ज्यांना फुलदाणीतल्या फुलांपलीकडे काही ठाऊक नव्हतं अशी माणसं गोळा करून त्यांनी हे मंडळ काढलं. दर महिन्याला वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान व्हायचं आणि फुलांच्या हंगामात डोंगरावर सहल निघायची. सहलीचे नियम सरांनीच घालून दिले. फूल वाकून बघायचं, तोडायचं नाही. आणि दुर्मिळ झाड दिसलं, तर त्याची जागा कुणालाही सांगायची नाही, कागदावरसुद्धा उतरवायची नाही. पूर्वी एकदा कुणीतरी कौतुकानं एका माळाची जागा सांगितली होती, तर पुढच्या हंगामात तिथं नुसते खड्डे उरले होते. लोकांनी कंद उकरून नेले होते. तेव्हापासून हा नियम.

माझा जन्म अशाच एका न सांगितलेल्या जागी झाला. डोंगराची मावळतीकडची बाजू, वर पुढं झुकलेला काळा खडक आणि खाली कपारीत ओंजळभर माती. आम्ही पंधरावीस जणी तिथं दाटीवाटीनं राहत होतो. आमच्याकडे एक बारकी काळी माशी यायची. मधमाशीपेक्षा लहान, पण तोरा असा की जणू डोंगर तिच्या बापाचा! ती एकीच्या फुलातली परागांची धूळ दुसरीला नेऊन द्यायची, मग आमच्यात बी धरायचं. माझं तेव्हा पहिलंच फूल उमललं होतं. मला वाटायचं, जग एवढंच आहे आणि ते चांगलं आहे.

मग डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी यंत्रं आली. दणके बसायचे, कडेची माती सुटून खाली जायची. सर धापा टाकत वर चढून आले. मी अगदी कडेला होते, माझी अर्धी मुळं हवेत लोंबत होती. त्यांनी मला कंदासकट अलगद उचललं आणि रुमालात गुंडाळलं.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "रस्त्याचं काम संपलं की तुला इथंच आणून लावतो."

त्यानंतर मी कुंडीत आले, ती आजपर्यंत.

कुंडी काय असते ते तुम्हाला कसं सांगू? वरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान, सावली आहे, वेळेवर पाणी आहे. पण मूळ पुढं सरकलं की भिंत लागते. वळावं तर पुन्हा भिंत. शेवटी माझी मुळं आपल्याच भोवती फिरत राहिली. उन्हाळ्यात मी मातीत निजते, हंगामात उठते, आणि दरवेळी उठल्यावर आधी वाटतं की आपण कपारीत आहोत. मग भिंत लागते. फार जीव गुदमरतो हो.

आणि व्याख्यानं? त्यांचा लाडका विषय 'रानफुलं रानातच शोभतात'. तो विषय मला शेजारी ठेवून रंगवतात. सभागृहाची दारंखिडक्या बंद, पडद्यावर डोंगराचे फोटो, आणि टाळ्या वाजल्या की माझी पानं थरथरतात. शेवटी सगळे माझ्याभोवती जमतात. त्यात एक काका आहेत. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग हातभर लांब, म्हणून सगळे त्यांना तोफवाले काका म्हणतात. ती तोफ माझ्या तोंडाजवळ आणून ते म्हणतात, "जरा हसा ठकूताई!" स्वभावानं चांगले आहेत. त्यांच्या घरच्या भिंतीवर माझा फोटोही आहे म्हणे.

रस्त्याचं काम कधीच संपलं. पण तोवर सरांचे गुडघे गेले, आणि हळूहळू आठवणही जायला लागली. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग आलेल्या माणसाचं नाव. एके दिवशी मंडळाच्या सचिवबाई घरी आल्या. शिस्तीच्या बाई, बोलायलाही तशाच रोखठोक.

"सर, आता हट्ट सोडा. ठकीला किती वर्षं डांबून ठेवणार? जागा सांगा, आम्ही जाऊन लावून येतो."

सर खुर्चीत ताठ बसले. "नियम म्हणजे नियम. मीच मोडला तर तुम्ही काय पाळाल?"

"धन्य आहे तुमची!" म्हणत सचिवबाई उठल्या. दार लागल्यावर सरांनी सुनेला हळूच विचारलं, "हिला कुठून आणली होती गं आपण?"

सूनबाई भाजी निवडत होती, तिचा हात तसाच थांबला. "आठवेल बाबा," ती म्हणाली. "नाही आठवलं तर राहू दे. पण बाहेर कुणाला कळायला नको."

तिजोरी रिकामी आणि पहारा मात्र कडक! सासऱ्याची लाज राखायची म्हणून ती गप्प राहिली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. घरी मला पाणी तीच घालते. पण त्या दोघांच्या मायेत माझा कोंडमारा झाला, हेही तितकंच खरं.

या हंगामात सचिवबाईंनी वेगळाच बेत काढला. मलाच सहलीला न्यायचं! हरवलेल्या मुलाचा फोटो घेऊन दारोदार फिरावं, तसं मला घेऊन डोंगर पालथे घालायचे. "हिच्यासारखं पान दिसलं की हात वर करा," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. पहिल्या रांगेत सर बसले, त्यांच्या मांडीवर मी, शेजारी सूनबाई. मी फुलले होते, ऐन बहरात.

नव्या रस्त्याच्या एका चढावर बस तापली. ड्रायव्हर पुटपुटत खाली उतरला, लोकांनी खिडक्या उघडल्या, आणि वारा आत आला. त्या वाऱ्याला भिजलेल्या काळ्या खडकाचा वास होता. माझं अंग अंग जागं झालं. पाठोपाठ खिडकीतून ती आली. बारकी, काळी, तोऱ्यातली.

"अगं बाई, माशी! चावेल, हाकला तिला!" निसर्गप्रेमींची ही तऱ्हा. पण माशी कुणाकडे न बघता थेट माझ्या फुलात शिरली. तिच्या पायांना धूळ लागली होती आणि ती आमचीच धूळ होती. म्हणजे माझ्या बहिणी मेल्या नव्हत्या! इतकी वर्षं मला वाटायचं की त्या यंत्रांखाली गेल्या. त्या वरच होत्या, त्याच कपारीत, हाकेच्या अंतरावर. मला रडायला येत असतं तर मी ढसाढसा रडले असते.

सरांनी माशी पाहिली. मग मान वर करून तो झुकलेला खडक पाहिला. त्यांचे हात कुंडीभोवती घट्ट झाले.

"इथंच..." ते मोठ्यानं म्हणाले.

तोफवाल्या काकांनी लगेच मोबाईल काढला. "इथंच काय, सर? थांबा, जागा मोबाईलवर घेतो, आत्ता ग्रुपवर टाकतो. सगळ्यांकडे राहील."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्या सीटांवरून मोबाईल वर आले होते. मी मनातून ओरडत होते, सांगा सर, सांगून टाका! सरांचे ओठ हलले.

"इथंच पूर्वी चहा फार छान मिळायचा," ते म्हणाले.

बसमध्ये हशा पिकला. सूनबाईही हसली. ड्रायव्हरनं पाणी ओतलं, बस निघाली, आणि वळण मागं पडलं. माझ्या बहिणींना वाचवायचं म्हणून त्यांनी मला परत नेलं. मला राग आला आणि त्यांचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच आलं, आता काय करणार?

संध्याकाळी घरी आल्यावर सर सुनेला म्हणाले, "उद्या सकाळी आपण दोघंच जाऊ. ठकीला घेऊन."

"कुठं, बाबा?"

"निघताना सांगतो."

सकाळी तिनं खरोखर सगळी तयारी केली. रिक्षा बोलावली, पिशवीत खुरपं घेतलं, मला कापडात गुंडाळलं. "चला बाबा, निघायचं ना?"

सरांनी पेपरमधून मान वर केली. "कुठं गं?"

तिनं रिक्षा परत पाठवली आणि मला पुन्हा गॅलरीत ठेवलं.

आज माझी फुलं गळून गेली आहेत, पण एका देठावर पहिल्यांदाच बोंड धरलंय. ते रोज थोडं फुगतंय. यातली बी या कुंडीत पडली, तर तीही माझ्यासारखीच भिंतींना धडका देत बसेल. मुळांना आता वळायलाही जागा नाही, पुढच्या हंगामात मी उठेन की नाही, सांगता येत नाही. सर संध्याकाळी येऊन जवळ बसतात आणि विचारतात, "तुझं घर कुठं गं, ठकी?" मला ठाऊक आहे, आणि मला सांगता येत नाही.

म्हणून एकच मागणं आहे, सूनबाई, आणि ते तुझ्याकडे. नियम मोडू नकोस, कुणाला काही विचारूही नकोस. फक्त त्या वळणावर हसलीस ते एकदा आठव. तुझ्या सासऱ्यांनी जन्मात कधी चहा घेतलेला नाही गं.