नदीपर्यंतचं गाणं

वेदिका मॅडमचा फोन नंबर आमच्या पाड्यावर घरोघरी आहे. आमच्या घरी तो चुलीमागच्या कुडाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे, आणि तो मीच लिहिला, कारण घरात बारावी झालेली मी एकटी.

"कुणी गेलं की लगेच कळवा हं. कितीही वाजू देत," असं त्या प्रत्येक दारात उभं राहून सांगून गेल्या होत्या. बाई वाईट नव्हती, तेवढं मी मान्य करते. पण अंगणात म्हातारी माणसं ऊन खात बसलेली असताना, त्यांच्याकडेच बघत असं सांगायचं? शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तुझ्या मॅडमला इचार, आज मरू का सोमवारी, ती येईल तवा?" आम्ही सगळे हसलो. मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की ती तुम्हाला जेवायला थांबा म्हणतेय.

मॅडम नाशिकहून यायच्या. आमची भाषा संपत चाललीय आणि संपायच्या आत ती साठवून ठेवायची, असं त्यांच्या संस्थेचं काम. आमची कोकणी म्हणजे गोव्याची नव्हे, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली. माझी सासू चिमणाबाई ती बोलायची, आणि गायची तर अशी की जात्यावर बसलेल्या बाया हात थांबवून ऐकायच्या. लग्नाची, पेरणीची, धान्यदेवी कणसरीची, लेकरू निजवायची, तिची सगळी गाणी मॅडमनी घेतली. मी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायची. एकदा त्यांनी आम्हा दोघींना नाशिकला कॉलेज रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटवरही नेलं. चहा दिला, लिफ्टमध्ये सासूने भीतीने माझा दंड धरला, त्याचा फोटो काढला.

आवाजाचं यंत्र शेखर नावाच्या माणसाकडे असायचं. कानाला मोठे हेडफोन लावून तो सासूच्या समोर बसायचा. कोंबडा आरवला, मोटारसायकल गेली, कुणी खोकलं, की तो हाताचा पंजा वर करायचा. पंजा वर म्हणजे थांबा. सुरुवातीला सासूला ते जमायचं नाही. तिचं गाणं निघालं की निघालं. मग शेखर वैतागायचा आणि मॅडम गोड आवाजात समजावायच्या, "आजी, हात दिसला की थांबायचं. अर्ध्या शब्दावर असलात तरी थांबायचं. पुन्हा घेता येतं ना आपल्याला."

दोन वर्षांत सासू अशी तयार झाली की शाळेतलं पोर काय होईल. पंजा दिसला की तोंडातला शब्द तोंडात. माझा नवरा राजू तर त्याची मजाच करायचा. सासू त्याच्यावर करवादायला लागली की हा गंभीर तोंड करून पंजा वर करायचा, आणि सासू खरंच गप्प व्हायची. मग लक्षात आलं की लाकूड घेऊन मागे धावायची. राजू अंगणभर पळायचा आणि मी दारात पोट धरून हसायची.

एक गाणं मात्र तिने दिलं नव्हतं. वाटेचं गाणं. आमच्या पाड्यावर माणूस गेला की पाचव्या दिवशी ते म्हणतात. मेलेल्याला नावाने हाक मारून घराच्या उंबऱ्यावरून उठवायचं, आणि आंबा, टेकडी, खिंड, एकेक जागा सांगत वाडवडिलांच्या डोंगरापर्यंत पोचवायचं. मध्ये नदी लागते. ती ओलांडून दिली की पुढचं सोपं, असं सासू म्हणायची. हे गाणं फक्त तिलाच येत होतं.

त्याचे नियम कडक. मयत नसताना म्हणायचं नाही, कारण ज्याचं नाव घ्याल त्याला बोलावणं जातं. एका माणसासाठी एकदाच म्हणायचं. आणि सुरू केलं की थांबायचं नाही, कारण जिथे थांबाल तिथेच तो माणूस राहतो.

"नुसतं म्हणून दाखवा ना आजी, कुणाचं नाव न घेता," मॅडम मागे लागायच्या.

"नाव नाय तर चालंल कोन?" सासू म्हणायची. "कोनी मेलं तं ये."

म्हणून तर तो नंबर घरोघरी गेला.

गेल्या द्राक्षाच्या हंगामात राजू दिंडोरीकडे बागेच्या कामाला गेला होता. परत येताना मजुरांची पिकअप उलटली. बाकीच्यांचे हातपाय मोडले, हा एकटा गेला. नाशिकच्या दवाखान्यात त्याला ठेवलेलं, आणि आम्हाला तिथलं काही कळेना. कुणाची सही, कुठला कागद, गाडी कुठून आणायची. चुलतसासरे झिपरूबाबांनी कुडावरचा नंबर लावला. मॅडम धावत आल्या, खरंच धावत आल्या. चार ठिकाणी फोन केले, ॲम्ब्युलन्स मिळवून दिली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. राजू दुपारच्या आत घरी आला. ते उपकार मी विसरलेले नाही. मॅडमही विसरल्या नव्हत्या.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांची गाडी आंब्याखाली उभी राहिली. शेखर यंत्र उतरवत होता. मी झिपरूबाबांकडे बघितलं. ते मान खाली घालून म्हणाले, "बाईनं एवढं केलं पोरी. नाय कसं म्हनायचं?"

मॅडमनी सासूचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, तुमची परवानगी असेल तरच."

सासूने हात सोडवून घेतले. मग म्हणाली, "बस. पन मंधी कोनी बोलायचं नाय. मी थांबली तं माझा पोर थांबंल."

मी ते मॅडमना मराठीत नीट, दोनदा सांगितलं. "अर्थात," त्या म्हणाल्या. शेखरनेही मान हलवली आणि नेहमीसारखा सासूच्या समोर जाऊन बसला. मी त्याला तिथून उठवायला हवं होतं असं मला कुणीतरी नंतर म्हणालं. मी का उठवायचं? नवरा माझा मेला होता, माणूस मॅडमचा होता.

सासूने हाक मारली, "ऊठ रं राजू, उंबरा मागं टाक." मी तोपर्यंत रडले नव्हते, तेव्हा रडले. तिने त्याला अंगणातून नेलं, आंब्याखालून नेलं, लहानपणी तो जिथून पडला होता त्या खडकावरून नेलं. खिंड ओलांडली. मला तो दिसत होता, पाठमोरा, निळा शर्ट घातलेला. मग नदी लागली. "पाय टाक रं राजू, पानी घोट्याला लागलं. पाय टाक रं राजू, पानी गुडघ्याला लागलं. पाय टाक रं राजू, पानी कमरंला लागलं."

आणि खालच्या रस्त्यावर सुके बोंबील विकणारा आला. मोटारसायकलला भोंगा बांधलेला आणि त्यात भरलेला आवाज, बोंबील घ्या, सुकट घ्या, ताजी ताजी सुकट.

शेखरचा पंजा वर गेला.

सासू थांबली.

मी शपथेवर सांगते, तिला कळलंच नाही. दोन वर्षांची सवय. ती पंजाकडे बघत राहिली, तो कधी खाली येतो म्हणून. बोंबीलवाला वळणावरून पलीकडे गेला, आवाज विरला, शेखरने हात खाली घेतला आणि हसून बोट गोल फिरवलं. म्हणजे पुन्हा घ्या. तेव्हा सासूचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग तिने अंगणाकडे पाहून जी किंकाळी फोडली, ती यंत्रात आहे. शेखरने बंद केलं नव्हतं.

"आजी, काही हरकत नाही," मॅडम घाईने म्हणाल्या. "जिथे थांबलात तिथून पुढे म्हणा. आम्ही जोडून घेऊ. अजिबात कळत नाही."

मी त्यांना सांगितलं, जोडता येत नाही.

"मग पहिल्यापासून घेऊ या का? आजींना थोडं पाणी दे."

मी सांगितलं, तेही नाही. तो आता उंबऱ्यावर नाही. तो नदीत आहे.

मॅडमनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मी दहावीला विज्ञानात पहिली आले होते, मला ती नजर कळते. "रोशनी, तू तरी," एवढंच त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी सासूला शाल दिली.

त्या दिवसापासून सासू पाणी पिताना भांडं हातात धरून बसायची. "कमरंपत्तर पानी हाय त्याच्या," म्हणायची. पाऊस सुरू झाला तेव्हा तर ती वेडीपिशी झाली. नदी चढली का, हे मला रोज बघून यायला लावायची. मी आशा सेविका आहे, घरोघर फिरून लोकांना जुलाबात काय करायचं ते सांगते. आणि मी रोज छत्री घेऊन नदीवर जात होते. हसायचं तर हसा.

भाताची लावणी संपली तेव्हा तिने मला समोर बसवलं. सगळं गाणं एका बैठकीत म्हणता येणार नव्हतं, मयत नव्हतं ना. आज आंबा, उद्या खडक, परवा खिंड, तेही उलटसुलट, असं तिने मला शिकवलं. पाणी कमरेला लागलं आणि ती गप्प झाली.

"आय, पुढचं?"

"पुढचं तुला नको."

"मग तुला पलीकडे कशी नेऊ?"

"मला पलीकडं कुठं जायचंय?" सासू म्हणाली. "माझं पोर पान्यात एकटं उभं हाय. मला तिथंच सोड."

मी तिचे पाय धरले. पुढचं सांग म्हणून भांडले, दोन दिवस बोलले नाही. ती ऐकणारी नव्हती. जेवण तिने कधीच कमी केलं होतं. भात कापायच्या आतच ती गेली. मी मॅडमना फोन केला नाही. पाचव्या दिवशी दार लावून मी तिला उंबऱ्यावरून उठवलं, खिंडीतून नेलं, पाण्यात उतरवलं आणि कमरेला लागल्यावर थांबले. स्वतःच्या हाताने. ते मला कसं वाटलं ते मी कुणाला सांगणार नाही.

मॅडमना ते झिपरूबाबांकडून कळलं. "अगं, कळवायचं तरी! आणि शेवटचा भाग? तुलाही येत नाही?" त्यांचा आवाज फुटला. फोनवर त्या खरंच रडत होत्या. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

नाशिकला त्यांच्या संस्थेचा मोठा कार्यक्रम झाला. मला गाडी पाठवून बोलावलं, फ्लॅटवर जेवायला घातलं. मोठ्या सभागृहात अंधार करून त्यांनी राजूचं गाणं लावलं. पाणी कमरेला लागलं, आणि गाणं तुटलं. भोंगा नव्हता, किंकाळी नव्हती. साफ केलेलं होतं. "इथे हे गाणं तुटतं," मॅडम जड आवाजात म्हणाल्या. "पुढचं आता जगात कुणालाही येत नाही. भाषा मरते म्हणजे काय, ते ही शांतता सांगते." लोक डोळे पुसत होते. शेखर पहिल्या रांगेत यंत्र घेऊन बसला होता.

मग त्यांनी मला मंचावर बोलावलं. हे गाणं जिला थोडं तरी येतं अशी शेवटची स्त्री. "रोशनी, येतं तेवढं म्हण. नाव कुणाचं घेऊ नकोस हवं तर."

मी माईकसमोर बसले आणि आमच्या भाषेत हाक मारली, ऊठ गं वेदिका, उंबरा मागं टाक.

सभागृहातल्या लोकांना वाटलं, मी मॅडमचा मान राखतेय. मॅडमना कळलं. राजूची हीच ओळ त्यांनी कितीदा लावून ऐकली असेल, कळायलाच हवं. मी त्यांना फ्लॅटमधून बाहेर काढलं, लिफ्टने खाली नेलं, वॉचमनसमोरून नेलं. पेठ नाका ओलांडला. सावळ घाट चढवला, करंजाळी मागे टाकली, आमच्या आंब्याखालून खिंडीत नेलं. त्या खुर्चीत ताठ झाल्या होत्या. त्यांनी शेखरच्या दंडाला धरून काहीतरी सांगितलं, आणि त्याचा पंजा वर गेला.

पंजा मला दिसला. मी थांबले नाही.

पाय टाक गं वेदिका, पाणी घोट्याला लागलं. गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं.

तिथे मी थांबले, कारण पुढचं मला येत नाही. टाळ्या पडल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मॅडमचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्या मंचाजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रोशनी, माझा या गोष्टींवर विश्वास नाही."

"मग झालं तर," मी म्हणाले.

अजून त्या धडधाकट आहेत. पाड्यावर येत नाहीत, पण कॉलेजात शिकवतात, असं ऐकते. कधीतरी उगाच फोन करतात आणि शेवटचा भाग आठवला का विचारतात, आवाज बारीक करून. नाही आठवत, मी म्हणते. त्या दिवशी सभागृहातून निघताना मी शेखरच्या मोबाइलमध्ये माझा नंबर घालून दिला होता. त्याला म्हटलं, मॅडमचं काही झालं तर लगेच कळवा हं. कितीही वाजू देत.