एकतिसाव्या वर्षाचं वाचन

चांगदेव ऑपरेशनला तयार झाले ते एका अटीवर. आषाढी पौर्णिमेला बुद्धविहारात धम्माचा ग्रंथ वाचायला बसता आलं पाहिजे. कोपरीच्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी चांगदेवच वाचायचे, तीस वर्षं. वागळे इस्टेटच्या कंपनीत सुपरवायझरशी घसा फोडून भांडणारा हा माणूस. पण ग्रंथ समोर आला की आवाज असा लागायचा की शांताबाईला वाटायचं, हा आपला नवरा नव्हेच.

डॉक्टर म्हणाले, बसाल की. त्यांचं काय जातंय म्हणायला. आतड्याचा कॅन्सर काढला, खालची वाट शिवून टाकली आणि पोटावर पिशवी चिकटवली, ती जन्माची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसानं हे शिकायचं. पिशवी कधी भरेल, कधी आवाज करील, काही नेम नाही. शांताबाई ती साफ करून द्यायची, नाक मुरडायची नाही. पण तेवढा वेळ ते भिंतीकडे तोंड करून पडत, आणि तिला तेच जास्त लागायचं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच त्यांनी जेवण बंद केलं. पोटात काही नसलं तर पिशवीत येणार काय?

"अहो, निदान पेज तरी घ्या," ती मागे लागली. ऐकतील तर शपथ.

पांढरा सदरा घालून, खाली मऊ उशी घेऊन ते वाचायला बसले. पहिलं पान झकास झालं. शांताबाईचा ऊर भरून आला. दुसऱ्या पानावर पोटातून आवाज निघाला, लांबलचक, ओला, आणि माईकनं तो साऱ्या विहाराला ऐकवला. पोरं फिसकन हसली. चांगदेव वाचतच राहिले. पुन्हा आवाज आला. मग तिसऱ्यांदा. विहाराचे अध्यक्ष भगवानराव हळूच उठले, माईक बंद केला आणि ग्रंथ कॉलेजात शिकणाऱ्या रचनाकडे दिला.

"काका, तुम्ही नुसते बसा. तेवढंच आम्हाला पुष्कळ," ते म्हणाले. मनापासून म्हणाले हो. त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडली असती.

दुसऱ्या दिवशी काकांसाठी दाराजवळ पंख्याखाली खुर्ची मांडली होती म्हणे. ते गेलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. नर्सनं सगळं ऐकून घेतलं.

"आजोबा, उपाशी राहिलात म्हणून तर गॅस झाला. आधी विचारायचं ना."

"म्हणजे जेवून गेलो तर होणार नाही?"

"कमी होईल. बंद नाही व्हायचं." बिचारी प्रामाणिक होती.

आत डॉक्टर एकदम खुशीत. रिपोर्ट स्वच्छ, गाठीचा मागमूस नाही, हृदय ठणठणीत. "आजोबा, अजून दहा वर्षं तुम्ही कुठे जात नाही."

शांताबाईनं हात जोडले. रिक्षा खोपटच्या डेपोपाशी आली तेव्हा चांगदेव तिच्याकडे वळले.

"शांता, दहा वर्षं म्हणाला ना गं तो?"

"हो."

"कशी काढायची?"

उभ्या जन्मात तिनं त्यांच्या एकाही बोलण्याला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. घर आलं तशी तिनं रिक्षाचे पैसे दिले आणि हात धरून त्यांना उतरवलं.