आमेनचं गिऱ्हाईक

आमेनने वस्तऱ्यात नवं पातं बसवलं आणि सलूनच्या दाराच्या काचेवरचं पहिलं अक्षर खरवडायला घेतलं. लाल चिकटपट्टीची अक्षरं होती, पंधरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने कापून चिकटवलेली. 'हे दार सर्वांसाठी उघडे आहे.' 'हे' सहज निघालं. 'दा'च्या पोटात पातं अडकलं आणि त्याचं टोक मोडलं. त्याने दुसरं पातं घेतलं.

मंगळवारची दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. शेजारच्या टपरीतला चावीवाला कानशी हातात घेऊनच बाहेर आला आणि जरा वेळ बघत उभा राहिला.

"दार बंद होतंय वाटतं सर्वांसाठी. कुलूप काढून ठेवू का चांगलंसं?"

आमेन खरवडत राहिला. एरवी त्याला गप्प बसवायला माणसं लागायची. चर्चमधला तो जुना माणूस होता, आणि सुवार्ता सांगायची ती गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून झाल्यावर, ही त्याची पद्धत. कुणाची नोकरी गेलेली असो, कुणाचं भावाशी फाटलेलं असो, याचा ब्रश थांबायचा आणि प्रभू सुरू व्हायचा. क्षमेवर बोलण्यात तर त्याचा हातखंडा होता. 'मानेवर वस्तरा असताना नाही कोण म्हणणार?' असं चावीवाला म्हणायचा आणि बाकावरचे लोक हसायचे. आमेनही हसायचा. ऐकणाऱ्याने ऐकावं, बाकीच्यांची निदान दाढी तरी होते, हे त्याचं ठरलेलं उत्तर. गल्लीने त्याला हे नाव दिलं त्याला आता एवढी वर्षं झाली होती की पाण्याचं बिलही कधीकधी त्याच नावाने यायचं.

"बाकी एक सांगू?" चावीवाला म्हणाला. "शनिवारपासून गल्लीत तुझं नाव झालंय. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तुझं वागणं सगळ्यांना पटलं."

आमेनचा हात थांबला. मग पातं पुन्हा काचेवर फिरू लागलं, आधीपेक्षा जोरात.

शनिवारी खुर्चीत मास्तर होते. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेले, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे आणि हात थरथरायला लागल्यापासून दर शनिवारी दाढीला येणारे. त्यांच्या तोंडाला फेस लागलेला होता आणि दारात ड्रायव्हर येऊन उभा राहिला. चार वर्षं तुरुंगात काढून तो आठवड्यापूर्वीच सुटून आला होता. चार वर्षांपूर्वी टेम्पो वळवताना त्याची नजर मोबाइलवर होती आणि सायकलवरून चाललेली नऊ वर्षांची मुलगी त्याला दिसली नाही. ती मास्तरांची नात. तिचे केस आमेननेच कापलेले होते, खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकून. कात्री कानाजवळ आली की ती दोन्ही खांदे वर घ्यायची.

ड्रायव्हरही जुनं गिऱ्हाईक होता. क्षमेबद्दलचं सगळं काही आमेनने त्यालाही सांगितलेलं होतं. एकदा नाही, दहादा.

"आत येऊ का?" ड्रायव्हरने विचारलं होतं. फेसामुळे त्याने मास्तरांना ओळखलं नसावं. मास्तरांनी मात्र त्याला आरशात पाहिलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

बाक रिकामा होता. आमेन म्हणाला, "आज जमणार नाही."

ड्रायव्हरने काचेवरची अक्षरं वाचली. टोमणा मारल्यासारखी नाही, आपण चुकीच्या पत्त्यावर आलो का हे बघावं तशी. मग मान हलवून तो गेला. त्यानंतर मास्तरांच्या हनुवटीखाली वस्तरा निसटला. बारीक लाल रेघ उमटली. आमेनने तुरटी फिरवली, माफी मागितली.

"काढतोयस कशाला पण?" चावीवाल्याने विचारलं.

"खोटं लिहिलेलं होतं."

"मग आता खरं काय लिहिणार?"

"काही नाही," आमेन म्हणाला. "लिहून झालं पुष्कळ."

घरी त्याने बायकोला सांगितलं की ड्रायव्हरला आपण स्वतः जाऊन बोलावणार आहोत. ती दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून नुकतीच आली होती आणि चपला काढत होती. तिने एकच चप्पल काढली आणि तशीच बसून राहिली. चर्चमध्ये ती रविवारची शाळा घ्यायची, आणि मास्तरांची नात तिच्या वर्गात होती. हजेरीच्या वहीतून त्या मुलीचं नाव तिने अजून काढलेलं नव्हतं. आमेनने मग प्रभू कुठल्या कुठल्या पापी माणसांच्या घरी जेवायला गेला ते सांगायला सुरुवात केली, तशी तिने हात वर केला.

"मला ते शिकवू नका. मी मुलांना शिकवते ते," ती म्हणाली. "जायचं तर जा. पण मला पटवून जायचं म्हणत असाल तर नाही जमायचं."

सकाळी तिने नेहमीसारखा त्याचा डबा भरून दिला, तेवढंच.

बुधवारी तो आधी मास्तरांकडे गेला. मास्तर खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. थरथरत्या हाताने ते काम करायला त्यांना अर्धा तास लागायचा, पण ते कुणाला करू द्यायचे नाहीत. मास्तर 'बस' म्हणायची आमेनने वाट पाहिली नाही. तो म्हणाला की उद्या अकरा वाजता मी त्याचे केस कापणार आहे, आणि तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

पेन्सिलीचं साल लांबलचक निघत होतं. ते तुटेपर्यंत मास्तर थांबले.

"जाताना दार लावून घे," ते म्हणाले.

तिथून तो ड्रायव्हरकडे गेला. दार त्याच्या आईने उघडलं, फटीएवढंच. आमेनला ओळखल्यावर तिने ते पूर्ण उघडलं, पण या म्हणाली नाही. ड्रायव्हर आत भांडी घासत होता. त्याच्या डोक्याकडे पाहून आमेनच्या धंद्याला लाज वाटली. आईने शिवणाच्या कात्रीने केस कापले होते. एका कानावर टक्कल, दुसऱ्यावर झुपका, मागे पायऱ्या.

"उद्या अकराला ये," आमेन म्हणाला.

"राहू दे. तुमचं गिऱ्हाईक तुटेल."

"ते मी बघीन."

ड्रायव्हरने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. मग विचारलं, "ते सगळं सांगणार का? आधी सांगायचात ते?"

"नाही."

"मग येतो," ड्रायव्हर म्हणाला.

गुरुवारी अकराला तो आला, भिंतीच्या कडेकडेने. बाकावर एक जण वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने घडी घातली, ती बाकावर ठेवली आणि बाहेर गेला. समोरच्या इस्त्रीवाल्याची इस्त्री थांबली. चावीवाला दारात आला. आमेनने शटर होतं तसं पूर्ण वर ठेवलं, दिवे सगळे लावले आणि खुर्ची आरशाकडे फिरवली. चाळीस मिनिटं लागली, कारण आईचं काम निस्तरायचं होतं. त्या चाळीस मिनिटांत कात्रीशिवाय काही वाजलं नाही. सांगायची एवढी जुनी सवय, की दोन-तीनदा त्याच्या घशाशी शब्द आले. त्याने ते गिळले. मान साफ करताना ड्रायव्हरच्या मानेवर उठलेला काटा त्याच्या बोटांना लागला. ड्रायव्हरने पैसे पुढे केले. आमेनने ते घेतले, गल्ल्यात टाकले, सुटे परत दिले.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. सकाळची नेहमीची गिऱ्हाइकं कोपऱ्यापलीकडच्या नव्या सलूनमध्ये दिसू लागली. पोरांना केस कापायला घेऊन येणाऱ्या आयांनी रस्त्याची बाजू बदलली. एके सकाळी शटरवर काळ्या रंगात 'खुन्याचा न्हावी' असं लिहिलेलं होतं. चावीवाल्याने आपल्याकडचं रॉकेल आणि चिंधी आणून दिली. एवढं मात्र त्याने केलं.

"राहू दे," आमेन म्हणाला आणि शटर वर ढकललं. अक्षरं गुंडाळून वर गेली. "बघ, वर गेलं की दिसत नाही. आणि माझं शटर दिवसभर वरच असतं."

"तुझी खोड जायची नाही," चावीवाला म्हणाला. पण त्या दिवशी तो येऊन दाढी करून गेला. त्याला तशी दाढी येतच नसे.

दुसऱ्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब आले. ते भले गृहस्थ होते आणि भांडायला आले नव्हते. त्यांनी सांगितलं की मंडळीत कुजबुज आहे, मास्तर दोन रविवार शेवटच्या बाकावर बसले, कुणाशी न बोलता गेले. आमेनने जे केलं त्यामागचं मन त्यांना समजत होतं. पण वेळ, जागा असं काही असतं की नाही. त्याच्या घरी जाऊन केस कापले असते तर कुणाला कळलंही नसतं आणि सेवाही झाली असती. निदान मास्तरांचा विचार करायला हवा होता.

"मास्तरांचा विचार करूनच त्याला पहिल्यांदा परत पाठवला होता, साहेब," आमेन म्हणाला. "सगळ्यांना आवडलं ते."

"मी एवढंच म्हणतोय, घरी जाऊन..."

"घरी जाऊन कापले तर ते दान. इथे कापले तर तो गिऱ्हाईक." त्याने कंगव्यातले केस काढून टोपलीत टाकले. "दान घेत त्याने आणखी किती वर्षं काढायची?"

मग पाळकसाहेबांनी हळूच सांगितलं की पुढचे काही रविवार प्रार्थना चालवायला आमेनऐवजी दुसरं कुणी असेल. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचं तसं मत पडलं. आमेन म्हणाला की ठीक आहे, मी बाकावर बसून करीन, बाकावरून पोचते की नाही तेही कळेल. ते गेल्यावर त्याने एकाच खुर्चीची गादी तीनदा पुसली.

त्याला सर्वांत जड गेले ते शनिवार. दहा वाजता तो पाणी गरम करायचा, ब्रश भिजवायचा आणि साडेअकराला पाणी ओतून द्यायचा. रविवारी चर्चमध्ये मास्तरांची दाढी आठवड्याआठवड्याने वाढताना दिसायची. आधी खुंट, मग पांढरी झुलपं, मग गळ्यापर्यंत पसरलेलं रान. ते दुसऱ्या कुणाकडेही गेलेले नव्हते. आमेन समोर बघायचा, पण त्याचं लक्ष तिथेच असायचं. बायको ते पाहायची. चौथ्या रविवारी परत येताना ती म्हणाली, "मी मास्तरांकडे गेले होते काल. तुमची बाजू नाही मांडली मी. नुसती बसले." त्याने विचारलं, काय म्हणाले? "वहीत तिचं नाव आहे का अजून, ते विचारलं. मी आहे म्हणाले."

पाचव्या आठवड्यात ड्रायव्हर दुसऱ्यांदा आला. आता तो भिंतीच्या कडेने येत नव्हता, पण रस्त्याच्या मधूनही नाही. त्याला एका गोदामात माल चढवायचं काम मिळालं होतं आणि त्याबद्दल तो दोन वाक्यं आपणहून बोलला. माल हातगाडीवरून न्यायचा असतो. गाडी चालवणार नाही हे त्याने मालकाला आधीच सांगितलं होतं. आमेन हूं म्हणाला. एक बाजू कापून झाली होती.

दारात सावली पडली. मास्तर आत आले, कुणाकडे न बघता बाकावर बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. ते त्यांच्या हातात सारखं फडफडत राहिलं.

ड्रायव्हरने त्यांना आरशात पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. तो उठायला गेला, तेव्हा आमेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

"बस. एक बाजू राहिलीय."

कात्री पुन्हा चालू झाली. आमेनच्या लक्षात आलं की आपण श्वास मोजतोय. त्याने घाई केली नाही. घाई केली असती तर ते तिघांनाही कळलं असतं. त्याने दुसरी बाजू पहिलीशी नीट मिळवली, मानेवरची रेघ सरळ केली, मागे छोटा आरसा धरून दाखवला. ड्रायव्हरने त्यात पाहिलं की नाही कोण जाणे. त्याने न मोजताच पैसे पुढे केले.

दाराकडे जाताना तो बाकासमोर थांबला. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही, पण पाय तेवढे आत ओढून घेतले, त्याला जायला वाट व्हावी म्हणून. तो गेला.

मास्तर उठून खुर्चीत बसले. पाच आठवड्यांची दाढी आरशात फार मोठी दिसत होती.

"माफबिफ काही केलेलं नाही मी," ते आरशातल्या आमेनला म्हणाले. "कुणाला सांगत सुटू नकोस. तुझ्या चर्चलाही नाही आणि तुझ्या देवालाही नाही."

"मी विचारलं नाही, मास्तर."

"विचारूही नकोस."

आमेनने ड्रायव्हरच्या अंगावरचं कापड अजून हातात धरलेलं होतं. ते बाजूला टाकून तो कपाटाकडे वळला आणि धुतलेल्या कापडांच्या चळतीतलं वरचं काढू लागला.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तेच बांध."

आमेनने वळून पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटले होते आणि मान मागे टाकून हनुवटी वर केली होती.