कात्रीच्या तोंडातला दाणा

मंगळवारी सकाळी खाडीतली सगळी कालवं चढण चढून शेवंतीकाकीच्या अंगणात आली आणि शिंपले सताड उघडे टाकून बसली. काकी भांडी घासत होती. तिने हात पुसले आणि पुतणीला फोन लावला.

"हेमा, कालवां घराकडे इली हत. त्यांची तोंडा मिटनत नाय."

"वास येतोय?"

"नाय गो. आवाज येता. कातरीचो."

हेमांगी बर्फाची पेटी घेऊन दुपारी पोचली. ती प्रयोगशाळेत समुद्रातल्या जंतूंवर काम करायची. काकीने बायकांचा गट जमवून खाडीत तराफे टाकले, त्यांना दोऱ्या बांधून कालवं वाढवली, तेव्हापासून हा जंतू त्यांच्या मागे लागला होता. तो एक रस सोडायचा, आणि तो रस शिंपला मिटणारा स्नायू धाग्याधाग्याने कापायचा. मिटता न येणारं कालव मरतं.

हेमांगीने एका शिंपल्याला कान लावला. आत कचकच चालली होती.

"जंतूक मारून टाक," काकी म्हणाली.

"मारायला गेलं की उरलेले जास्त माजतात, काकी. त्यापेक्षा त्यांची कात्रीच, तो कापणारा रसच, बंद पाडायचा."

तिने पेटी उघडली. आत एकच दाणा होता, कात्रीच्या तोंडात अडकावा म्हणून शेवाळापासून केलेला, मोहरीएवढा. याच्याआधीचे सगळे दाणे कात्रीने कापून टाकले होते. त्यांच्यापायी हेमांगीचं लग्न लांबलं होतं, केस पिकले होते, आणि प्रयोगशाळेतले लोक तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलत.

तोवर कचकच अंगणभर पसरली. जाळ्यांच्या गाठी सुटल्या. काकीच्या पोलक्याची शिवण उसवली. दार चौकटीपासून सुटलं आणि बाजूला जाऊन उभं राहिलं. गटातली वत्सला पराडकर धावत आली. तिचेही तराफे सुटले होते.

"मी वतसला," ती म्हणाली. जोडाक्षरं तुटायला लागली होती.

मग घराच्या भिंती कोपऱ्यांतून सुटल्या आणि अंगणात सरकू लागल्या. अंगणाभोवतीचा दगडी गडगाही सरकला. बघता बघता तिघींना उभं राहायला चटईएवढी जागा उरली, आणि तीही कालवांनी भरलेली.

"आता खय जातलंस?" काकीने विचारलं.

"आत," हेमांगी म्हणाली. सगळ्यात मोठ्या कालवाच्या काठावर तिने पाय ठेवला आणि ती उतरली. काकीने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं.

आत मोत्याच्या रंगाची लांब खोली होती. हेमांगी चालली तशी ती अरुंद होत गेली. शेवटी हेमांगी कुशीवर वळून सरपटू लागली. टोकाला कात्री होती. ती धरायला हात नव्हता. ती एकटीच कापत होती.

"काय कापतेस?" हेमांगीने विचारलं.

"जे जोडलेलं असेल ते," कात्री म्हणाली.

"थांबशील?"

"तोंडात काही असलं की चावायचं, एवढंच मला येतं."

खोली हेमांगीच्या बरगड्यांना भिडली. मागे ओढणीचे धागे तुटू लागले. तिने दाणा बोटांच्या चिमटीत धरला आणि पात्यांच्या अगदी मुळाशी नेला. हात मागे घ्यावासा वाटला. तिने घेतला नाही.

कात्री चावली. दाणा तुटला नाही. कात्री पुन्हा चावली. मग तिला तोंड उघडता येईना, मिटताही येईना.

"हे काय आहे?" तिने दाणा धरल्या तोंडाने विचारलं.

"तुझ्या मापाचं आहे," हेमांगी म्हणाली. तिला हसू फुटलं, आणि हसायला जागा व्हावी म्हणून खोली रुंद झाली.

शेजारच्या कालवातली कचकच थांबली. मग त्याच्या शेजारची. हेमांगी वर आली तेव्हा अंगणात शांतता होती. काकीच्या मुठीत ओढणीचा एक धागा उरला होता. तो तिने सोडला नव्हता.

मग पहिलं कालव मिटलं. टप्. मागोमाग सगळी मिटली, जत्रेत ढोल वाजावेत तशी. खाली खाडीत गटातल्या बायका तराफ्यांवर उभ्या राहून ओरडू लागल्या.

"मी वत्सला!" वत्सला ओरडली. "वत्सला! वत्सला!"

काकीने हेमांगीला उचललं आणि गोल फिरवलं. भिंती आपापल्या जागी गेल्या. दार चौकटीत बसलं आणि लागलं. गावातली सगळी दारं लागली. छत्र्या मिटल्या, फुलं मिटली, जुन्या जखमा मिटल्या. कालवं रांगेने खाडीत उतरली. त्यांच्या मागोमाग काकी आणि हेमांगी पाण्याच्या कडेला आल्या.

"अजून कायतरी मिटता हा," काकी म्हणाली.

क्षितिजाच्या बिजागरीवर आभाळ एकदा करकरलं. मग वरच्या शिंपल्यागत, आतून मोत्यासारखं चमकत, भर उन्हात, ते हळूहळू समुद्रावर उतरू लागलं. तराफ्यांवरून किनाऱ्यावर आलेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. हेमांगीने मान वर केली. आभाळ माडांच्या शेंड्यांना टेकलं होतं.